पेशीतील पाठशुद्धी

पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या मार्गावर, जुन्नर तालुक्यात, आळे नावाचे गाव आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे सांगतात, त्या रेड्याची समाधी ह्या गावी आहे. समाधीपुढे हात जोडणाऱ्या वाटसरूच्या मनात सहजच ज्ञानेश्वरीचा विचार येतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी हा ग्रंथ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. त्या काळी छापखाने नव्हते. ज्याला ग्रंथ हवा असेल, त्याने दुसऱ्याची पोथी मागून आणावी आणि समईच्या उजेडात तिची नक्कल करावी, अशी रीत होती.

सुमारे नऊ हजार ओव्या उतरून काढावयाच्या, म्हणजे चुका व्हावयाच्याच! कोठे नक्कलकाराचा डोळा लागला आणि ओळ गळाली. कोठे जुना शब्द कळेना, म्हणून त्याने आपल्या पदरचा सोपा शब्द घातला. पुढच्या नक्कलकाराने ती चूक खरी समजून तशीच उतरविली आणि तीत आपल्या दोनचार चुकांची भर घातली. अशी जवळजवळ तीनशे वर्षे गेली. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी हे काम हाती घेतले. त्यांनी प्रती जमविल्या, एकीशी दुसरी ताडून पाहिली, अशुद्ध पाठ काढून टाकले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी ह्या ग्रंथात आपली ओवी घुसडू नये, असेही त्यांनी बजावून ठेवले. ह्या कामाला पाठशुद्धी असे म्हणतात.

मुलांनो, असाच एक ग्रंथ तुमच्या प्रत्येकाच्या शरीरात आहे. तोही हाताने नाही, पण नकलूनच एका पेशीकडून दुसरीकडे जातो. त्यातही अक्षरे गळतात, बिघडतात, चुकीची पडतात. आणि त्याचीही पाठशुद्धी चालते. भेद इतकाच, की एकनाथांनी जे कार्य तीनशे वर्षांनी केले, ते पेशीला क्षणाक्षणाला करावे लागते. हे कार्य थांबले तर काय होते, ते पुढे येईलच.

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींच्या मध्यभागी एक केंद्रक असते, आणि त्या केंद्रकात डी.एन.ए. नावाच्या द्रव्याचे अतिशय बारीक व अतिशय लांब धागे गुंडाळून ठेवलेले असतात. एका पेशीतील सर्व धागे उलगडून एकापुढे एक ठेवले, तर त्यांची लांबी सुमारे २ मीटर भरेल. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीच्या पोटात पुरुषभर उंचीहून लांब धागा मावावा, हे निसर्गाचेच कसब! ह्या धाग्यावर चार प्रकारची लहान रसायने ओळीने जडविलेली असतात. त्यांची नावे ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. आपण त्यांना अ, थ, ग आणि स ही अक्षरे म्हणू. रक्त कसे बनवावे, हाड कसे वाढवावे, जखम कशी भरावी, ह्या सर्वांचा मजकूर ह्या चारच अक्षरांत लिहिलेला आहे.

मजकूर केवढा, म्हणाल? आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन संच प्रत्येक पेशीत असतात. दोन्ही मिळून अक्षरे होतात सुमारे ६ अब्ज. एका पानावर २,००० अक्षरे आणि एका पुस्तकाची ३०० पाने धरली, तर १०,००० पुस्तके भरतील. आणि पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, त्या वेळी हे सगळे ग्रंथालय नव्याने नकलावे लागते. तेही काही तासांत.

डी.एन.ए.ची रचना कशी आहे, हे १९५३ साली जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक ह्यांनी दाखविले. रोझलिंड फ्रँकलिन ह्या विदुषीने क्ष-किरणांच्या साहाय्याने घेतलेल्या छायाचित्रांचा त्यांना ह्या कामी मोठा आधार झाला. डी.एन.ए.चा धागा एकेरी नसून दुहेरी आहे. पिळाच्या जिन्यासारखे दोन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात. दोन्हींवरील अक्षरे समोरासमोर येतात आणि त्यांची जोडी ठरलेली असते. अ च्या समोर नेहमी थ आणि ग च्या समोर नेहमी स. म्हणून एक धागा वाचला, की दुसऱ्यावर काय लिहिले आहे ते न पाहताही सांगता येते.

ही दुहेरी रचना किती मोलाची आहे, ते कळण्यासाठी जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटात जाऊ. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा एक मोठा शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राणी नागनिकेच्या ह्या लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानांची नोंद आहे. लेखाला सुमारे दोन हजार वर्षे झाली. वाऱ्यापावसाने आणि माणसांच्या हातांनी त्याची पुष्कळ अक्षरे झिजली, काही ठिकाणी खडकच निखळून पडला. गेलेल्या जागी मूळ शब्द कोणता होता? विद्वान तर्क करतात, परंतु खात्रीने कोणी सांगू शकत नाही. कारण ह्या लेखाची दुसरी प्रत कोठेही नाही. डी.एन.ए.चे तसे नाही. एका धाग्यावरचे अक्षर बिघडले, तरी समोरचा धागा साक्षीला उभा असतो. समोर ग असेल, तर गेलेले अक्षर स च असले पाहिजे. शिलालेख वाचणाऱ्या पंडितांना अशी साक्ष मिळती, तर त्यांचे किती परिश्रम वाचले असते!

आता हा मजकूर बिघडतो कसा, ते पाहू. ज्यावर सर्व जीवसृष्टीची वंशपरंपरा अवलंबून आहे, ते द्रव्य वज्रासारखे टिकाऊ असले पाहिजे, असे पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञ गृहीत धरून चालले होते. स्वीडनमध्ये जन्मलेल्या टोमास लिंडाल ह्यांना ह्याविषयी शंका आली. त्यांनी मोजमाप केले आणि असे दिसून आले, की डी.एन.ए. मुळीच वज्रासारखे नाही. त्याला बिघडविण्यासाठी विष लागत नाही, अग्नी लागत नाही. ज्या पाण्यात ते राहते ते पाणी आणि शरीराची नेहमीची ऊब एवढेही पुरते. माणसाच्या एकेका पेशीत दिवसाकाठी सुमारे १०,००० अक्षरे धाग्यावरून नुसती गळून पडतात. तुम्ही शाळेत बसला असा, खेळत असा किंवा झोपला असा, ही गळती चालूच असते. असे असूनही आपण वर्षानुवर्षे धडधाकट राहतो. तेव्हा पेशीत ही गळती भरून काढणारे कोणीतरी असलेच पाहिजे, असा तर्क लिंडाल ह्यांनी केला आणि त्या दुरुस्ती करणाऱ्यांचा ते शोध घेऊ लागले.

त्यांना जे सापडले, त्यातील एक उदाहरण फार सुरेख आहे, म्हणून ते सावकाश सांगतो. स हे अक्षर जरा नाजूक आहे. पाण्याच्या संपर्काने त्याचा एक भाग कधीकधी निसटतो, आणि मग त्याचे युरॅसील नावाचे निराळेच रसायन बनते. हे युरॅसील थ सारखे वागते, म्हणजे ग शी जोडी करण्याऐवजी अ शी जोडी करते. ते तसेच राहिले, तर पुढच्या नकलेत स च्या जागी कायमचा थ बसेल. परंतु युरॅसील हे डी.एन.ए.च्या वर्णमालेतील अक्षरच नव्हे. मराठी पोथीत मध्येच एखादे परक्या लिपीतले अक्षर यावे, तसे ते चटकन नजरेस भरते. पेशीत एक विकर, म्हणजे विशिष्ट काम करणारे प्रथिन, सतत धाग्यावरून फिरत असते. युरॅसील दिसले, की ते त्याला उपटून टाकते. दुसरे विकर ती रिकामी जागा कापून साफ करते, तिसरे समोरचा ग पाहून तेथे नवा स बसविते आणि चौथे धागा सांधून टाकते. लिंडाल ह्यांनी १९७४ साली ह्यांतील उपटणारे विकर शोधून काढले.

डी.एन.ए.ला आर.एन.ए. नावाचे एक भावंड आहे. त्याच्या वर्णमालेत मात्र थ नसून युरॅसीलच आहे. मग डी.एन.ए.मध्ये थ का असावा, ह्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. डी.एन.ए.मध्येही युरॅसील हेच नेहमीचे अक्षर असते, तर खरे युरॅसील कोणते आणि बिघडलेल्या स चे झालेले कोणते, हे तपासनिसाला कसे कळले असते?

दुसरा धोका नकलण्याच्या वेळी येतो. डी.एन.ए. नकलणारे विकर विलक्षण कुशल आहे. तरीही नवे अक्षर निवडताना साधारणपणे एक लाख अक्षरांमागे एखादे चुकीचे पडते. म्हणजे आपल्या मघाच्या हिशेबाने पन्नास पानांत एक चूक. चाळीस वर्षे वह्या तपासण्यात गेलेल्या माणसाला हा विद्यार्थी आदर्शच वाटेल! पण ६ अब्ज अक्षरांच्या ग्रंथात ह्या गतीने ६०,००० चुका होतील, आणि त्या पेशीला परवडणाऱ्या नाहीत. म्हणून हे विकर प्रत्येक अक्षर लिहिल्यावर क्षणभर थांबते. जोडी नीट बसली नाही असे जाणवले, तर एक पाऊल मागे सरून ते अक्षर खोडते आणि पुन्हा लिहिते. ह्यामुळे चुका सुमारे शंभरपटींनी कमी होतात. उरलेल्या काही शेकड्यांसाठी छापखान्यातील मुद्रितशोधकासारखी दुसरी तुकडी मागाहून येते. ती धाग्यावरून हात फिरविते. जोडी चुकली असेल तेथे पीळ किंचित फुगीर लागतो. तेवढा भाग कापून ती पुन्हा लिहविते. सर्व तपासणी होऊन गेल्यावर एका नकलेत चुका उरतात, त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

येथे एक अडचण चाणाक्ष मुलांच्या ध्यानात आली असेल. समजा, एका बाजूला ग आहे आणि त्याच्या समोर चुकून थ पडला आहे. चूक आहे हे कळले; पण चुकीचे कोणते? ग चुकीचा की थ चुकीचा? भलतेच अक्षर दुरुस्त केले, तर चूक जाण्याऐवजी कायमची होईल. एकनाथांपुढेही हाच प्रश्न असणार, की ह्या दोन पोथ्यांत जुनी कोणती? पॉल मॉड्रिच ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने जीवाणूंत ह्या प्रश्नाचा उलगडा केला. जीवाणूच्या डी.एन.ए.वर ठराविक ठिकाणी लहानशा रासायनिक खुणा असतात. त्या खुणा नकलून झाल्यावर काही वेळाने केल्या जातात. म्हणून ताज्या नकलेत जुन्या धाग्यावर खुणा असतात आणि नवा धागा कोरा असतो. मुद्रितशोधक खूण पाहतो, खुणेचा धागा प्रमाण मानतो आणि कोऱ्या धाग्यावरचे अक्षर बदलतो. आपल्या पेशींत ही रीत थोडी निराळी आहे. तेथे नव्या धाग्यात अजून न सांधलेल्या चिरा असतात, त्यांवरून तो ओळखला जातो.

तिसरा धोका उन्हाचा. जुन्नर आणि आंबेगावच्या लोकांना ऊन काय ते शिकविण्याची आवश्यकता नाही. मंचरच्या बाजूला कांदा काढणारे, नारायणगावच्या शिवारात टोमॅटो तोडणारे, डिंभ्याच्या वरच्या अंगाला आदिवासी पाड्यांवर भाताची आवणी करणारे स्त्री-पुरुष दिवसच्या दिवस उघड्यावर असतात. सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु ते त्वचेच्या पेशींत शिरतात आणि डी.एन.ए.च्या एकाच धाग्यावर शेजारीशेजारी असलेली दोन अक्षरे, विशेषतः दोन थ, एकमेकांना चिकटवून टाकतात. ओल्या पोथीची दोन पाने चिकटावीत, तसे होते. नकलणारे विकर तेथे येऊन अडते. आपल्या कातडीतील मेलॅनीन नावाचे काळसर रंगद्रव्य हे किरण पुष्कळसे शोषून घेते. पेशीत ते केंद्रकाच्या नेमक्या वरच्या बाजूला, छत्री धरल्यासारखे जमते. सावळ्या रंगाला नावे ठेवणाऱ्यांनी ही छत्री एकदा सूक्ष्मदर्शकातून पाहावी.

चिकटलेली अक्षरे कशी सुटतात, ह्या शोधाची सुरुवात १९४९ साली योगायोगाने झाली. अल्बर्ट केल्नर हे अमेरिकेत एका मृत्तिकावासी सूक्ष्मजीवावर प्रयोग करीत होते. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध ज्यापासून मिळते, तोच हा जीव. त्याच्या बीजाणूंवर अतिनील किरण सोडले, की बहुतेक मरावयाचे. परंतु मेल्यासारख्या दिसणाऱ्या बीजाणूंपैकी कधी पुष्कळ जगत, कधी अगदी थोडे. प्रयोग तोच, सामग्री तीच आणि उत्तर मात्र रोज निराळे! केल्नर ह्यांनी उष्णतामानाचा दोष असेल म्हणून तेही तपासले. शेवटी त्यांचे लक्ष खिडकीकडे गेले. भांड्यांवर खिडकीतून येणारा उजेड कधी पडत होता, कधी नव्हता. उजेड मिळाला, की बीजाणू सावरत. प्रकाशाने केलेली हानी प्रकाशच भरून काढीत होता. पुढे कळले, की अशा जीवांमध्ये एक विकर असते. ते निळसर उजेडाची ऊर्जा वापरून चिकटलेली अक्षरे अलग करते. वनस्पतींतही ते आहे. भर उन्हात उभ्या असलेल्या भाताला किंवा द्राक्षवेलीला दुसरा आश्रय तरी कोणता?

ह्या विकराचे जनुक वेगळे काढण्याचे काम १९७६ च्या सुमारास अझीझ सँजार ह्यांनी केले. तुर्कस्तानातील सावुर नावाच्या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. आईवडिलांना लिहितावाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकावे असा त्यांचा आग्रह होता. शिकून हा मुलगा डॉक्टर झाला, काही काळ त्याने गावाकडे रुग्णही तपासले आणि मग संशोधनासाठी तो अमेरिकेस गेला. लिंडाल, मॉड्रिच आणि सँजार ह्या तिघांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या पेशींत मात्र उजेडावर चालणारे हे विकर नाही. उत्क्रांतीच्या ओघात आपल्या पूर्वजांनी ते गमावले. आपल्या पेशी दुसरा, अधिक खटाटोपाचा मार्ग वापरतात. चिकटलेली अक्षरे ज्या जागी असतील, त्याच्या दोन्ही बाजूंना धागा कापावयाचा, सुमारे तीस अक्षरांचा तुकडाच काढून टाकावयाचा आणि समोरचा धागा वाचून तेवढा मजकूर नवा भरावयाचा. फाटलेल्या कापडाला ठिगळ लावावे, तसे हे काम आहे. दोन अक्षरांसाठी तीस अक्षरे फेकून देणे उधळपट्टीचे वाटते खरे. पण मोडतोड कोणतीही असो, हा एकच उपाय पुष्कळ ठिकाणी चालतो.

हा उपाय ज्यांच्या शरीरात जन्मतःच नाही, अशी मुले जगात आहेत. झेरोडर्मा पिगमेंटोसम ह्या दुर्मीळ आनुवंशिक रोगात थोड्याशा उन्हानेही मुलाच्या कातडीवर डाग पडतात, ती कोरडी व जून होते आणि बालपणीच त्वचेचा कर्करोग होण्याचा संभव असतो. जेम्स क्लीव्हर ह्यांनी १९६८ साली दाखविले, की अशा रुग्णांच्या पेशींना चिकटलेली अक्षरे कापून काढता येत नाहीत. बाकी ही मुले तुमच्यासारखीच असतात. त्यांनाही मैदानावर धावावेसे वाटते. परंतु त्यांच्या घराच्या खिडक्यांना किरण अडविणारे पडदे लावावे लागतात, दिवसा बाहेर पडावयाचे तर सर्वांग झाकून घ्यावे लागते, आणि काही देशांत अशा मुलांसाठी मुद्दाम सूर्यास्तानंतर खेळांची शिबिरे भरतात. दुपारच्या सुट्टीत तुम्ही अंगणात जे मनसोक्त हुंदडता, त्यामागे कातडीतील लक्षावधी ठिगळांचे काम असते.

चौथा धोका सर्वांत भयंकर. गॅमा किरणांसारखे तीव्र किरण डी.एन.ए.चे दोन्ही धागे एकाच जागी तोडू शकतात. मग समोरच्या धाग्याची साक्षही उपयोगी पडत नाही. अशा वेळी पेशीपुढे दोन वाटा असतात. तुटलेली टोके जशी हाती लागतील तशी जोडून टाकावी, ही पहिली. काम लवकर होते, पण सांध्यावर चारदोन अक्षरे हरवतात. दुसरी वाट अशी, की नुकतीच नक्कल झालेली असल्यास तीच जुळी प्रत शेजारी असते. ती पाहून हरवलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. ही वाट बिनचूक, परंतु जुळी प्रत हाताशी असेल तेव्हाच चालणारी.

ह्या मोडतोडीचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. उन्हाळ्यात काढलेला कांदा आंबेगाव-जुन्नरचे शेतकरी बराखीत साठवितात. पावसाळा सरता सरता त्याला कोंब फुटू लागतात, आणि कोंब फुटलेल्या कांद्याला बाजारात कोण विचारतो? नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली एक केंद्र सुरू केले. तेथे कांद्यावर गॅमा किरणांची बेताची मात्रा देण्याची सोय आहे. कोंबाच्या टोकावरील पेशी झपाट्याने दुभंगणाऱ्या असतात. त्यांचे डी.एन.ए. जागोजाग तुटते, ते सगळे सांधणे त्यांना जमत नाही आणि त्यांची वाढ थांबते. कांद्याच्या पाकळ्यांतील पेशींना काही दुभंगावयाचे नसते. म्हणून कांदा कांदाच राहतो, फक्त कोंब येत नाही. अशा कांद्यात किरण साठून राहतात, ही समजूत खरी नाही. दिवा मालवल्यावर खोलीत जितका उजेड उरतो, तितकेच ते उरतात.

परंतु किरणांना दाद न देणारा एक महाभागही आहे. १९५६ साली अमेरिकेत डबाबंद मांस टिकविण्यासाठी त्यावर गॅमा किरण सोडण्याचे प्रयोग चालू होते. सर्व जीवाणू मेले असतील, असे समजून ठेवलेला एक डबा नासला! त्यात तांबूस रंगाचा एक जीवाणू सापडला. त्याचे नाव डायनोकॉकस. माणसाला मारक ठरणाऱ्या मात्रेच्या हजारपट मात्रा तो सोसतो. त्याच्या डी.एन.ए.चे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते पुन्हा योग्य क्रमाने जुळवितो. ह्याचे एक कारण असे, की तो आपल्या ग्रंथाच्या एकाहून अधिक प्रती बाळगतो. एका प्रतीत जेथे तुटले, तेथे दुसरीत सलग असते. दुसरे कारण, दुरुस्ती करणारी प्रथिने तो किरणांच्या तडाख्यातून वाचवितो. कारागीर शाबूत, तर घर पुन्हा उभे राहते. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही ह्या चिवट जीवावर संशोधन झाले आहे.

हानी फार झाली आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली, तर आपली पेशी काय करते? तिच्यात पी-५३ नावाचे एक प्रथिन आहे. मोडतोडीची वर्दी मिळताच ते दुभंगण्याचे काम थांबविते, म्हणजे अशुद्ध प्रतीची नक्कल निघत नाही. दुरुस्ती झाली तर काम पुढे चालू होते. न झाली तर पेशी स्वतःला संपविते. कडक उन्हाने करपून काही दिवसांनी जी कातडी सोलून निघते, तीत अशा आत्मसमर्पण केलेल्या पेशी असतात. माणसात पी-५३ च्या जनुकाची एकच जोडी असते. हत्तीत सुमारे वीस आहेत, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. माणसाहून कितीतरी अधिक पेशी असूनही एवढ्या अवाढव्य प्राण्याला कर्करोग क्वचितच होतो, त्याचे हे एक कारण असावे, असे शास्त्रज्ञांना वाटते.

कर्करोग एका चुकीने होत नाही. वाढीवर लगाम ठेवणारा मजकूर एकामागून एक ठिकाणी बिघडला आणि पी-५३ सारखा पहारेकरीही निकामी झाला, म्हणजे पेशी बेबंद दुभंगू लागते. आपल्या खेड्यापाड्यांतून आजही काही घरांत तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावतात. तंबाखूतील काही द्रव्ये तोंडातील पेशींच्या डी.एन.ए.वरील अक्षरांना चिकटतात. पेशी ती कापून काढते. दुसऱ्या दिवशी मिश्री पुन्हा येते. ठिगळे लावणारे हात तेवढेच आणि फाटण्याच्या जागा रोज नव्या, असा हा सामना वीस-तीस वर्षे चालतो, आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे इतके का आढळतात, ह्याचे एक मोठे कारण येथेच आहे.

इतक्या पहाऱ्यांतूनही एखादी चूक सुटतेच. ती कोणत्या जागी पडली, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. पुष्कळदा ती निरुपद्रवी ठरते. कधी घातक ठरते. आणि कधी काय होते, ते द्राक्षबागेत दिसते. वेल बियांपासून न लावता काडीपासून लावतात, म्हणून एका जातीच्या सर्व वेली एकमेकींच्या नकलाच असतात. परंतु क्वचित एखाद्या डोळ्यातील पेशीत एखादे अक्षर बदलते, ते दुरुस्त होत नाही, आणि त्या डोळ्यातून फुटलेली फांदी बाकीच्या वेलीहून निराळी निघते. सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला थॉमसन सीडलेस ह्या जातीच्या वेलींत असाच निराळेपणा एका बागायतदाराच्या नजरेस पडला. त्याने ती काडी जपली, वाढविली, आणि तीतून तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात निघाली. महाराष्ट्रातील कित्येक बागांत ती लावली गेली. त्या जातीच्या प्रत्येक वेलीत, प्रत्येक पानात, तो बदललेला मजकूर आज नकलला जात आहे. आणि पेशीतील तपासनीस आता त्यालाच मूळ पाठ समजून, त्यात एका अक्षराचाही फरक पडू नये म्हणून, त्याची राखण करीत आहेत.